खोगिराची पावती: फिल कॉलिन्स आणि अलामो

आजची गोष्ट एका पॉप गायकाची आहे, पण ती सुरू होते एका लढाईपासून.

साल १८३६. टेक्सास तेव्हा मेक्सिकोत होतं. सॅन अँटोनिओमधल्या अलामो नावाच्या जुन्या स्पॅनिश मिशनमध्ये टेक्सासचे बंडखोर ठाण मांडून बसले होते. १३ दिवस वेढा चालला. ६ मार्चच्या पहाटे सांता आनाची मेक्सिकन फौज आत घुसली आणि जवळजवळ सगळे लढवय्ये मारले गेले. त्यांत डेव्ही क्रॉकेटही होता.

याच क्रॉकेटवर डिस्नेने १९५०च्या दशकात मालिका काढली. लंडनमधल्या एका लहान पोराला तिने वेड लावलं. तो पोरगा म्हणजे फिल कॉलिन्स. पुढे १९७० मध्ये तो 'जेनेसिस' बँडमध्ये ड्रम वाजवायला लागला. १९७५ मध्ये मुख्य गायक पीटर गॅब्रिएल बाहेर पडला आणि माइक याच्या हाती आला. १९८१ मध्ये 'फेस व्हॅल्यू' हा त्याचा स्वतःचा पहिला अल्बम आला, आणि मग मागे वळून बघायला नको. १९८५च्या 'लाइव्ह एड'मध्ये तर हा गडी लंडनला गायला, काँकॉर्ड विमानाने अटलांटिक ओलांडला आणि त्याच दिवशी फिलाडेल्फियातही गायला!

पैसा आला, पण क्रॉकेट काही डोक्यातून गेला नाही. बायकोने त्याला एक जुना कागद भेट दिला: अलामोतून निरोप घेऊन बाहेर पडलेल्या, म्हणून वाचलेल्या जॉन स्मिथच्या खोगिराची पावती. तिथून संग्रह वाढत गेला. बंदुका, पत्रं, मेक्सिकन सैनिकांच्या वस्तूसुद्धा. २०१४ मध्ये त्याने २००हून जास्त वस्तू टेक्सासला देऊन टाकल्या. विकल्या नाहीत बरं का, दिल्या. २०२३ मध्ये अलामोच्या आवारात त्यांच्यासाठी नवी इमारत उघडली.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०२१च्या सुमारास काही लेखक-पत्रकारांनी विचारलं, जिम बोवीचा म्हणून दाखवला जाणारा सुरा खरंच बोवीचा कशावरून? क्रॉकेटच्या नावावरच्या वस्तूंचा पुरावा काय? दुसरा प्रश्न त्याहून अवघड. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली होती, तर टेक्सासच्या १८३६च्या राज्यघटनेने तिला संरक्षण दिलं. मग ही लढाई नेमक्या कुणाच्या स्वातंत्र्याची?

मला विचाराल तर कॉलिन्सचं दान यामुळे लहान होत नाही. वस्तू त्याच्या घरातच राहिल्या असत्या, तर बाहेरच्या माणसांना त्या तपासताच आल्या नसत्या. मात्र संग्रहालयात गेल्यावर आपण पाटीवर लिहिलेलं जसंच्या तसं मानू नये. त्या सुऱ्यापेक्षा मला ती खोगिराची पावती मोलाची वाटते. दिसायला साधी, पण ती कुणाची आणि कशाची, हे त्या कागदावरच लिहिलंय.

तुमच्या घरात असा एखादा जुना कागद असेल, तर रद्दीत टाकण्याआधी एकदा वाचून बघा. भेटू पुढच्या भागात!