सावलीचा चौक : झाशीचा राणीमहाल

झाशीच्या जुन्या तटातील ओरछा दरवाजाचे नाव १८५८च्या लढाईशी कायमचे जोडले गेले आहे. दुल्हाजूने फितुरी करून तो उघडला, ही आख्यायिका बुंदेलखंडात आजही सांगितली जाते. ब्रिटिश सेनेच्या वृत्तांतांत मात्र तटाला पडलेले भगदाड व लावलेल्या शिड्या यांची नोंद आढळते. ३ एप्रिल १८५८ रोजी ह्यू रोजची फौज शहरात शिरली आणि रस्तोरस्ती लढत राजवाड्यापर्यंत पोहोचली. या कथेत दरवाजा सर्वांच्या स्मरणात राहिला. ज्या घरासाठी ही झुंज झाली, त्याच्या रचनेकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

राणीमहाल या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू सुभेदार रघुनाथ हरी नेवाळकर यांच्या काळातील, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. मध्ये उघडा चौक, त्यात कारंजे व दोन लहान विहिरी, सभोवार कमानींच्या ओसऱ्या आणि दालने, वर पाना-फुलांच्या व पशुपक्ष्यांच्या रंगचित्रांनी नटलेला दरबार हॉल, असा हा दुमजली वाडा आहे. कोकणातून आलेल्या नेवाळकरांच्या राहणीला बुंदेलखंडी उन्हाशी जमवून घ्यावे लागले, त्याची खूण या चौकात दिसते.

झाशी कर्कवृत्ताच्या उत्तरेस जेमतेम दोन अंशांवर आहे. त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात माध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि दहा फूट उंच भिंतीची सावली पाच इंचांपलीकडे जात नाही. म्हणजे ज्या वेळी सावलीची गरज सर्वांत मोठी, त्याच वेळी भिंती निरुपयोगी ठरतात. तेव्हा आधार असतो तो ओसरीचा, वर ताणलेल्या कनातीचा आणि पाणी शिंपडलेल्या वाळ्याच्या पडद्यांचा. डिसेंबरात तीच भिंत साडेअकरा फूट सावली टाकते. पण तिरपे ऊन दक्षिणाभिमुख ओसरीत आतपर्यंत येते आणि ते हवेसेच असते. म्हणून अशा चौकावरचे छत कापडाचे असते. ते उन्हाळ्यात ताणावे, हिवाळ्यात उतरवावे. कायमचा पत्रा घातला तर हिवाळ्याचे ऊन जाते आणि तापलेली हवा वर निघून जाण्याची वाटही बुजते.

या घरगुती शहाणपणाला १८५४ मध्ये राजकीय अर्थ आला. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. दत्तकविधान नाकारून डलहौसीने संस्थान खालसा केले. राणी लक्ष्मीबाईंना दरमहा ५,००० रुपयांचे निवृत्तिवेतन ठरले, किल्ला सोडावा लागला आणि राहावयास शहरातील वाडा मिळाला. बुरूज व तोफा परक्यांच्या हाती गेल्या होत्या. उरली होती ती ओसरी, चौक आणि वरचा दरबार. राज्याचा हक्क मागणारे अर्ज याच काळात कंपनी सरकारकडे गेले. सत्ता गेलेल्या घराण्याला लोकांत वावरण्यासाठी उरलेली जागा म्हणजे हे घर होते.

वेढ्याच्या वेळी वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीतच होते. त्यांचे ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. शहराच्या लुटीत ग्रंथसंग्रहाचा झालेला नाश त्यांनी नोंदविला आहे. तोफांच्या माऱ्यात वाड्याचा बराच भाग पडला. राहिलेल्या भागात आज पुरातत्त्व खात्याने जपलेली प्राचीन शिल्पे आहेत. त्या शिल्पांइतकाच चौकावरचा मोकळा आकाशाचा तुकडाही जपण्याजोगा आहे. कारण तोही बांधणाऱ्यांनी विचारपूर्वक मोकळा ठेवला होता.