निळी वेल लावण्यापूर्वी

प्रस्तावना

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत बागेची हौस असलेल्या माणसांशी गप्पा सुरू झाल्या की एक प्रश्न हमखास येतो : "ती निळी क्लेमॅटिस आपल्याकडे होते का हो?" चित्रात पाहिलेली, तळहाताएवढ्या निळ्या-जांभळ्या फुलांची ती वेल आपल्या गॅलरीच्या ग्रिलवर चढावी, ही इच्छा मला पूर्ण समजते. मीही तिचे रोप लावले होते. उन्हाळा तिने कसाबसा काढला. आषाढाच्या झडीत मुळे कुजली. रिकाम्या झालेल्या त्या कुंडीपाशी जे प्रश्न पडले, त्यांतूनच माझा वेलींचा अभ्यास सुरू झाला.

त्या प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देतो. बागेतल्या मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिस या थंड मुलखातल्या वेली आहेत. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध 'जॅकमनाय' ही इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील वोकिंग येथे, जॅकमन यांच्या रोपवाटिकेत 1858 साली केलेल्या संकरातून आली. हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घ्यायची आणि वसंतात नव्याने फुटायचे, हा तिचा स्वभाव. डोके उन्हात आणि पाय गारव्यात, ही तिची जुनी अट. आपल्याकडे रात्रीचा पारा 15 अंशांखाली क्वचितच उतरतो आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिला विश्रांतीही मिळत नाही आणि कोरडे पायही मिळत नाहीत. म्हणून ठाणे-डोंबिवलीच्या गॅलरीत ती न लावलेलीच बरी.

पण विषय इथे संपत नाही. क्लेमॅटिसची सख्खी बहीण आपल्या डोंगरात राहते. तिचे नाव मोरवेल. मराठी वनस्पतिशास्त्राने तर ज्या कुलाला पाश्चात्त्य 'रॅनन्क्युलेसी' म्हणतात, त्याला हिच्याच नावाने 'मोरवेल कुल' म्हटले आहे. बचनाग, अतिविष आणि आपल्या मसाल्याच्या डब्यातली कलौंजी ही याच कुलातली मंडळी. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघालात, की पाऊस ओसरल्यावर झुडपांच्या डोक्यावर तिची पांढरी, केसाळ फुले दिसू लागतात. फुले गळल्यावर प्रत्येक बीला पिसासारखी शेपटी येते आणि ती वाऱ्यावर रुईच्या म्हातारीसारखी निघून जाते. मोरवेल जरूर पाहा. फक्त तिचा रस अंगाला लावून घेऊ नका, कातडीवर फोड येतात.

मोरवेलीपाशी थांबायचे ते तिचा हात पाहण्यासाठी. तिला काकडीसारखे ताणे नसतात आणि तिचे खोडही आधाराला फारसे पीळ घालत बसत नाही. पानाचा देठच काडीला एक वेढा घालतो, आवळतो आणि पुढे टणक होतो. देठ तो केवढा! करवंदीच्या बारीक फांदीला तो सहज धरतो, जाड बुंध्याशी मात्र त्याचे काही चालत नाही. वेलींच्या अभ्यासाचा पहिला धडा हाच : वेल कशाने धरते ते ओळखा, मग आधार द्या. ग्रिलच्या जाड चौकोनी गजावर वेल चढत नाही, म्हणून खताला दोष देणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. तिथे फक्त सुतळी बांधायची होती.

दुसरा धडा रंगाचा. क्लेमॅटिसच्या ज्या पाकळ्यांवर आपण भाळतो, त्या खरे तर पाकळ्या नव्हेतच; ती संदले आहेत, म्हणजे कळीला झाकणारी बाहेरची दले. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे बहरणाऱ्या, खरखरीत पानांच्या पेट्रियातही असेच घडते. तिचे गडद जांभळे फूल एक-दोन दिवसांत गळते आणि मागे उरलेली फिकट निळी संदले कितीतरी दिवस घोस सजवून ठेवतात. 'निळे' म्हणताना नेमका कोणता अवयव निळा, हे विचारायची सवय लागली की बाग निराळी दिसू लागते.

ज्यांना आजच निळी वेल हवी, त्यांच्यासाठी गोकर्ण आहे. लिनीअसने 1753 साली तिला 'क्लिटोरिया टर्नेटिया' असे नाव दिले, ते मोलुक्का बेटांतल्या टर्नेटवरून. तिचे फूल उलटे असते. वाल-वाटाण्यात वर उभी राहणारी मोठी पाकळी हिच्यात खाली पसरते आणि केसर वर जातात; त्यामुळे आत शिरणाऱ्या माशीच्या पाठीवर पराग लागतात. बी कडक असते, रात्रभर भिजवून पेरावे. बारा इंची कुंडी, तळाला मोकळी भोके, पाच-सहा तासांचे ऊन आणि पीळ घालायला एक दोरी, एवढे तिला पुरते. मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र बांधतात, म्हणून नत्रयुक्त खताचा मारा नको. पाने माजतात आणि फुले रोडावतात. फुलाचा निळा काढा करून त्यात लिंबू पिळा : रंग जांभळा होईल. रंगद्रव्याचे रसायन स्वयंपाकघरातच समजते.

आणखी दोन निळ्या वेली आहेत. काळादाणा पहाटे निळा उमलतो आणि ऊन चढले की मिटतो. थनबर्जिया मात्र दांडगी. तिला सोसायटीची कुंपणभिंत द्यावी, खिडकी नव्हे.

या वाटेवर आपण एकटे नाही. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची 1901 ते 1908 या काळात सिद्ध केली, डॉ. वा. ग. देसाई यांचा 'ओषधीसंग्रह' 1927 सालचा. बोर आणि रायझादा यांचे भारतीय वेली-झुडपांवरचे देखणे पुस्तक 1954 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढले. मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या, पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या गॅलरीत कोणती वेल कशी वागते, हे त्यांत सापडणार नाही. ती नोंद तुम्हीच करायची आहे.

तेव्हा एक वही ठेवा. गोकर्णीचा कोवळा शेंडा दोरीला टेकला की पहिला वेढा कोणत्या बाजूने घेतला, किती तासांत घेतला, ते लिहा. दुसऱ्या वेलीने कसा घेतला, तेही लिहा. या विषयात प्रवेश करायला एवढी दोन टिपणे पुरेशी आहेत.