हौस आणि लोकसेवा : हौशी बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासाविषयी काही विचार

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. समर्थ संप्रदायाचा इतिहास ज्या साधनांच्या आधारे लिहिला जातो, त्यांतील फार मोठा भाग मात्र कोणा वेतनधारी संशोधकाने मिळविलेला नाही. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव हे व्यवसायाने वकील होते. त्यांनी रामदासी बाडे व हस्तलिखिते जमविली. १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली. आणि १९३५ साली या संग्रहासाठी धुळ्यास समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. आपल्या प्रांतात हौस ही केवळ करमणुकीची वस्तू नसून अनेकदा सार्वजनिक संस्थेची जननी ठरली आहे, याचे हे एक ठळक उदाहरण होय. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (१९४४) हे तसेच दुसरे उदाहरण.

याच दृष्टीने हौशी बिनतारी संदेशवहनाकडे पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या विषयावर जे थोडे लिहिले जाते, त्यात संकटकाळी हौशी मंडळींनी केलेल्या मदतीचा गौरव असतो. तो यथार्थच आहे. तथापि, ज्या व्यवहाराच्या व्याख्येत लोकसेवेचा उल्लेखही नाही, त्यातून लोकसेवा का व कशी निष्पन्न होते, हा खरा प्रश्न त्या गौरवात झाकला जातो.

प्रथम व्याख्या पाहू. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनुसार हौशी सेवा म्हणजे स्वयंशिक्षण, परस्परांशी संपर्क आणि तांत्रिक शोध यांसाठी, केवळ व्यक्तिगत आवडीने व आर्थिक लाभावाचून चालविलेली बिनतारी सेवा. अशा व्यक्तीस जगभर ‘हॅम’ म्हणतात. तिला सरकारी परीक्षा द्यावी लागते, परवाना घ्यावा लागतो आणि स्वतंत्र संकेतनाम मिळते. भारतातील बहुतेक संकेतनामे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. व्यापारी संदेश पाठविणे अथवा नभोवाणीप्रमाणे कार्यक्रम प्रक्षेपित करणे तिला वर्ज्य असते. प्रत्येक संपर्काची तारीख, वेळ, लहरी व समोरच्या केंद्राचे संकेतनाम नोंदवहीत टिपून ठेवण्याची शिस्त या छंदात रूढ आहे. या नोंदवहीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

भारतात हौशी बिनतारीचा आरंभ १९२१ साली कलकत्त्यास अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्यापासून झाला, असे मानतात. मुंबईच्या रेडिओ क्लबाने जून १९२३ मध्ये कार्यक्रम प्रक्षेपित करण्यास प्रारंभ केला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. आणि १९३० साली कंपनी बुडाल्यावर सरकारने नभोवाणी आपल्या हाती घेतली. सारांश, या देशात प्रक्षेपणाचा क्रम हौस, मग व्यापार, आणि शेवटी शासन असा आहे. जांब ज्या निजामी राज्यात मोडत होते, तेथील क्रमही याहून फारसा निराळा नाही. हैदराबादेतील नभोवाणी प्रथम एका व्यक्तीने खासगी रीतीने चालविली आणि १९३५ साली निजाम सरकारने ती ताब्यात घेतली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा त्या राज्यात राहिला. त्यामुळे मराठवाड्याच्या नभोवाणीचा पूर्वेतिहास मुंबईत नव्हे, तर हैदराबादेत शोधला पाहिजे.

शासन आणि हौशी प्रक्षेपक यांचे संबंध मात्र कधीच सरळ नव्हते. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने नवे परवाने थांबविले आणि हौशी मंडळींना आपली प्रक्षेपणयंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्यास फर्माविले. सरकारच्या भयाचे कारण उघड होते. ज्याला यंत्र जुळविता येते, त्याला परवानगीवाचून बोलताही येते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत सुरू झालेल्या काँग्रेस रेडिओने हे भय खरे करून दाखविले. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर चालविलेल्या या गुप्त केंद्राच्या यंत्ररचनेमागे नरिमन प्रिंटर या हौशी बिनतारीतज्ज्ञाचे कौशल्य होते. वारंवार जागा बदलीत हे केंद्र १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत तग धरून राहिले. त्या दिवशी पोलिसांनी छापा घातला. पुढे उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. केंद्राचा ठावठिकाणा पोलिसांस एका तंत्रज्ञाकडूनच कळला, ही गोष्टही या इतिहासात नमूद आहे. तंत्रकौशल्य म्हणजे चारित्र्य नव्हे, एवढा बोध अभ्यासकाने त्यातून घ्यावा आणि हौशी मंडळींविषयी सरसकट स्तुतीचा मोह आवरावा.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटले. १९५४ साली भारतीय हौशी रेडिओ संस्थेची स्थापना झाली. १९७८ साली हौशी सेवेसाठी स्वतंत्र नियमावली आली. १९८३ साली हैदराबादेस राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था निघाली. ज्या कौशल्याकडे परकीय शासन संशयाने पाहत होते, त्याला स्वकीय शासनाने परवान्याच्या चौकटीत आश्रय दिला. या कौशल्याची मराठवाड्यातील कसोटी किल्लारीस लागली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झालेले. गावे झोपेत होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी घरे कोसळून सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित समजला जात असे. भारतात भ्रमणध्वनीची सेवा १९९५ साली सुरू झाली. म्हणजे किल्लारीच्या वेळी खेड्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तारेवर व मोजक्या दूरध्वनींवर अवलंबून होता. अशा स्थितीत हौशी प्रक्षेपकांनी भूकंपग्रस्त भागासाठी केलेले संदेशवहन भारतीय हौशी बिनतारीच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

हे त्यांना कशामुळे साधले? यंत्रदृष्ट्या उत्तर सोपे आहे. मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी, एक लहानसे यंत्र आणि दोन झाडांमध्ये ताणलेली तार एवढ्यावर केंद्र उभे राहते. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. मध्ये मनोरा, खांब वा विनिमय केंद्र लागत नाही. परंतु यंत्र असणे वेगळे आणि ते चालविता येणे वेगळे. कोणत्या प्रहरी कोणती लहरी कोठवर पोहोचते, गोंगाटातून क्षीण आवाज कसा वेचावा, दहाजण एकाच वेळी बोलू लागले असता क्रम कसा लावावा, नाव आणि आकडा चुकू नये म्हणून संदेश कसा उच्चारावा, हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. ते वर्षानुवर्षांच्या निरुद्देश वाटणाऱ्या गप्पांतून येते. ज्याला शेजारी रिकामटेकडेपणा म्हणतात, तीच ही तालीम होय.

अंदमानचे उदाहरण या दृष्टीने निर्णायक आहे. भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर २००४ मध्ये एक हौशी पथक पोर्ट ब्लेअरला गेले ते आपत्तिनिवारणासाठी नव्हे. अंदमानातून वर्षानुवर्षे हौशी प्रक्षेपण झाले नव्हते. तेथील केंद्राशी संपर्क साधण्याची जगभरच्या छांदिष्टांना उत्कंठा होती. ती पुरविणे हाच त्यांचा हेतू होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, बेटांचा संपर्क तुटला, आणि याच केंद्रावरून वार्ता व संदेश मुख्य भूमीकडे जाऊ लागले. त्यांच्या येण्यामागे सेवेचा संकल्प नव्हता. सेवेची पात्रता मात्र त्यांच्यापाशी तयार होती. नियमांनीही हे वास्तव ओळखले आहे. २००३ च्या जिनिव्हा परिषदेत सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्रयस्थाचे आंतरराष्ट्रीय संदेश हौशी केंद्रांनी केवळ आणीबाणीत वा आपत्तिनिवारणासाठी वाहावेत, असे ठरले. एरव्हीची मर्यादा आणि संकटातील मुभा अशी ही दुहेरी रचना आहे.

आता हातोहाती भ्रमणध्वनी असताना या छंदाचे प्रयोजन काय, असा आक्षेप घेतला जातो. भ्रमणध्वनीला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते, आणि मोठ्या आपत्तीत आधी तीच जाते, हे त्याचे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे अधिक महत्त्वाचे. शासनाने कपाटात यंत्रे साठवून ठेवली, तरी ती चालविण्याची सवय कपाटात साठविता येत नाही. संकटापुरतेच हौशी माणसाचे स्मरण करणारे शासन विहीर न राखता पाण्याची अपेक्षा करते. जांबसारख्या गावाच्या दृष्टीने प्रश्न असा आहे की, तार व मनोरा दोन्ही निकामी झाले, तर सराव असलेला एखादा हात हाकेच्या अंतरावर असेल काय?

शेवटी साधनांविषयी. किल्लारीच्या सरकारी कागदपत्रांत मृतांचे, घरांचे व खर्चाचे आकडे मिळतील. कोणता संदेश कोणत्या घटकेस कोणी कोणाकडे पोहोचविला, याचा शोध मात्र हौशी मंडळींच्या नोंदवह्यांतच घ्यावा लागेल. संपर्काची खूण म्हणून टपालाने पाठविली जाणारी कार्डे हेही तसेच दुय्यम साधन होय. या वह्या खासगी घरांत आहेत. मालकामागून त्या रद्दीत जातात. देवांनी रामदासी बाडे वेळीच उचलली नसती, तर समर्थ संप्रदायाचा इतिहास किती तोकडा राहिला असता, याची कल्पना अभ्यासकांस आहे. मराठवाड्यातील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या जिल्ह्यातील अशा नोंदवह्या शोधून त्यांच्या प्रती विभागाच्या संग्रहात आणाव्यात. १९९३ साली ज्यांनी प्रक्षेपकाची कळ दाबली, त्यांतील काही हात अद्याप वही उघडून दाखविण्यास समर्थ आहेत. पुढील पिढीस ती सोय राहणार नाही.