ट्रॉली वर गेली, पण खाली येईना: ट्रॅक्टरच्या डीसी व्हॉल्व्हचा बिघाड घरच्या घरी कसा शोधायचा

मोबाईल चार्ज होत नसेल तर आपण लगेच नवा फोन घ्यायला पळत नाही. आधी केबल बदलून बघतो, मग अ‍ॅडॉप्टर, मग प्लग. दोन मिनिटांत कळतं की दोष फोनमध्ये आहे की बाहेर. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचंही तसंच आहे. मला मात्र हे गेल्या मे महिन्यात कळलं, तेही ट्रॉली हवेत अडकल्यावर.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात. सगळा सोयाबीनचा पट्टा, त्यामुळे पहिल्या पावसाआधी शेणखत ओढून टाकायची घाई असते. ट्रॉली उचलली, खत पडलं, लिव्हर उलट केलं आणि ट्रॉली जागची हलेना. इंजिन चालू, लिफ्ट व्यवस्थित वरखाली होतेय, पण ट्रॉली तशीच आभाळाकडे तोंड करून उभी. शेजारचा एक पोरगा पाना घेऊन थेट खाली घुसला. म्हणे, "जॅकचा नट ढिला करतो, तेल निघालं की येईल खाली." तात्या एवढ्या जोरात ओरडले, "आरं, आधी बाहेर ये तिथनं!" की तो डोकं आपटून बाहेर आला.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं हो. तेल निघालं असतं आणि ट्रॉली खाली आलीच असती, फक्त त्याच्या अंगावर.

फोनवर एका मिस्त्रीने न बघताच सांगितलं की व्हॉल्व्ह गेला, पूर्ण बदलावा लागेल. शेवटी दोष निघाला कपलरमध्ये, काही शे रुपयांच्या वस्तूत.

आत नेमकं काय चालतं

ट्रॅक्टरचा पंप तेल ढकलतो. सीटजवळचं किंवा मागचं लिव्हर ज्या व्हॉल्व्हला जोडलेलं असतं तो हे तेल कुठल्या पाइपात जायचं ते ठरवतो. कंपनीच्या पुस्तकात त्याला रिमोट किंवा ऑक्झिलरी व्हॉल्व्ह म्हणतात, आपल्याकडे डीसी व्हॉल्व्ह. त्यात एक गुळगुळीत दांडा, म्हणजे स्पूल, मागे-पुढे सरकतो. स्पूल आणि त्याच्या घरात केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट असते. म्हणून तेलात गेलेली चिमूटभर काळी माती तिथे मोठं नुकसान करते.

पलटी नांगराच्या जॅकला दोन पाइप असतात, तेल एकातून जातं आणि दुसऱ्यातून परत येतं. ट्रॉलीच्या जॅकला बहुतेक वेळा एकच पाइप. वर जाताना तेल ढकलतं, खाली येताना ट्रॉलीचं वजनच तेल परत ट्रॅक्टरमध्ये ढकलतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जोर किती असतो? मोटरसायकलच्या टायरमध्ये साधारण 2 बार हवा असते. इथे 150 ते 200 बार. 8 सेंटिमीटर व्यासाच्या जॅकला 150 बार दाब मिळाला तर तो साडेसात टनांच्या आसपास जोर लावतो.

केबल बदलून बघा

पहिला प्रश्न: मागची लिफ्ट नीट उचलते का? लिफ्टही मंद असेल तर दोष दोघांच्या सामाईक भागात आहे, म्हणजे तेल कमी, फिल्टर चोंदलेला किंवा पंप थकलेला. मग डीसी व्हॉल्व्ह उघडण्यात अर्थ नाही. लिफ्ट ठणठणीत असेल तर शोध व्हॉल्व्ह, कपलर, पाइप आणि जॅक एवढ्यापुरता उरतो.

दुसरं, ट्रॅक्टरला लिव्हरच्या दोन जोड्या असतील तर अवजार खाली टेकवून, इंजिन बंद करून पाइप दुसऱ्या जोडीला लावा. दोष पाइपाबरोबर गेला तर तो अवजारात आहे. पहिल्याच जोडीवर राहिला तर ट्रॅक्टरमध्ये. एकच जोडी असेल तर शेजाऱ्याची ट्रॉली जोडून बघा, पण त्याचं तेल घाण असेल तर ते तुमच्या ट्रॅक्टरमध्ये येणार, हेही ध्यानात असू द्या.

तिसरं काम फोनचं. स्टॉपवॉच लावा आणि रिकामी ट्रॉली पूर्ण वर जायला किती सेकंद लागतात ते मोजा. एकदा सकाळी थंड इंजिनवर, एकदा दोन तास काम झाल्यावर, दोन्ही वेळा आरपीएम सारखाच. थंड असताना चपळ आणि तापल्यावर मंद झाली तर आत झीज आहे, कारण तापलेलं पातळ तेल फटींतून निसटतं. सकाळी रडत उचलते आणि नंतर सुधारते, तर तेल जाड आहे किंवा फिल्टर चोंदलाय. मिस्त्रीला "जरा स्लो वाटतंय" सांगण्यापेक्षा "सकाळी 20 सेकंद, दुपारी 35" असं सांगितलं की तो अंदाजाने पार्ट बदलायला सांगत नाही.

आमचा दोष: कपलर

कपलरच्या दोन्ही अर्ध्या भागांत एकेक स्प्रिंगवाली गोळी असते. जोडल्यावर त्या एकमेकींना मागे रेटतात आणि वाट मोकळी होते. सुटल्यावर दोन्ही बंद, म्हणून तेल सांडत नाही. एक गोळी खराब झाली किंवा तिची स्प्रिंग मऊ पडली तर गंमत होते. वर जाताना तेल वाट काढतं. खाली येताना, विशेषतः लिव्हर झटक्यात टाकलं तर, परतणारं तेल ट्रॅक्टरकडची गोळी पार आत दाबतं, जॅककडच्या गोळीचा आधार सुटतो आणि ती बंद होते. ट्रॉली वरच कुलूपबंद.

आमची गोळी खराब का झाली? उत्तर लाजिरवाणं आहे. एप्रिल-मेच्या उन्हात ट्रॉली सोडून ठेवली की पाइपातलं कोंडलेलं तेल फुगतं, दाब वाढतो आणि कपलर आत जात नाही. मग आपण काय करतो? हातोडी घेतो. मीच दोनदा घेतली होती.

बरोबर पद्धत अशी: अवजार पूर्ण खाली, इंजिन बंद, लिव्हर तीन-चार वेळा दोन्ही बाजूंना हलवा. ट्रॅक्टरकडचा दाब उतरतो. अवजाराचा पाइप तापलेला असेल तर त्यावर ओलं पोतं टाकून थोडा वेळ थांबा. स्क्रूड्रायव्हरने गोळी दाबू नका, तेलाची पिचकारी तोंडावर येते.

आणि ट्रॉली अडकलीच तर? सगळ्यांना लांब करा. ट्रॉलीला सेफ्टी टेकू असेल तर तो बाजूने लावा, खाली न जाता. मग इंजिन कमी आरपीएमवर ठेवून लिव्हर क्षणभर 'वर'कडे द्या, म्हणजे गोळ्या पुन्हा सरकतात, आणि नंतर अगदी हळू 'खाली'कडे. आमची तिसऱ्या प्रयत्नात उतरली, पण उतरायच्या आधी तात्यांनी टेकू काढून घेतलाय की नाही ते दोनदा बघितलं. असं करूनही उतरली नाही तर मिस्त्रीला जागेवर बोलवा. जॅकचा नट आणि पाइपाचा जोड वर असलेल्या ट्रॉलीखाली कोणीही उघडायचा नाही.

बाकी लक्षणं थोडक्यात

उचललेली ट्रॉली आपोआप बसत असेल तर जॅकवर बाहेर तेल दिसतंय का बघा. दिसलं तर जॅकचं सील. बाहेर कोरडं असेल तर तेल व्हॉल्व्हमधून परत जातंय, म्हणजे स्पूल झिजलाय किंवा मध्यावर नीट थांबत नाही. तेल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, फेस असेल तर हवा. मोठ्या जॅकने तेल ओढून घेतल्यामुळे टाकीची पातळी खाली जाऊन हवा ओढली जाते, हे बऱ्याचदा घडतं. नांगर पलटला तरी लिव्हर धरूनच ठेवलं की जो चिरका आवाज येतो तो रिलीफ व्हॉल्व्हचा. तेल फुकट तापतंय, लिव्हर सोडा.

गळती शोधताना पाइपावरून बोट कधीच फिरवू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडीतून आत घुसतं. बाहेर फक्त ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, पण काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा, तेलाचा डाग पडेल तिथे भोक. आणि लागलंच तर हळद लावून घरी बसू नका. ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच जा आणि "दाबाचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगा, कारण जखम बघून ते कळत नाही.

पार्ट आणायला जाताना जुना कपलर बरोबर न्या, ट्रॅक्टरच्या प्लेटचा फोटो काढा आणि पाइप सोडण्याआधी त्यांच्या जागांचाही. कपलर बहुतेक अर्धा इंची असतो, पण आटे वेगळे निघतात. आम्ही पहिल्यांदा अंदाजाने आणला आणि कळंबची दुसरी चक्कर झाली. नव्या कपलरबरोबर रबरी टोपणं मिळाली होती. त्यातलं एक हरवलंय, तिथे सध्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलाय.