व्हेडरची हार्प : 'स्टार वॉर्स'च्या वाद्यवृंद-संगीताकडे येणाऱ्यांसाठी

1983 सालच्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये शेवटाकडे डार्थ व्हेडर मरतो. मुलानं त्याचा मुखवटा उतरवलेला असतो आणि आत एक फिकट, थकलेला म्हातारा असतो. या माणसाची एक धून आहे. आधीच्या चित्रपटापासून ती आपण ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या तोंडून, पलटणीच्या पावलांसारखी दणदणत ऐकत आलो. आता तीच धून विरळ होत जाते, हळुवार वाद्यांकडे सरकते आणि शेवटचे मोजके स्वर हार्प एकटीच छेडते. स्वरांची ओळ जुनीच असते, मात्र ती वाजवणारे हात बदललेले असतात. त्या क्रूर माणसात शेवटपर्यंत एक बाप शिल्लक होता, ही गोष्ट कानात आधी शिरते आणि मनाला नंतर कळते.

हे पुस्तक मी त्या काही क्षणांच्या नादानं लिहिलं.

भोसरीच्या एमआयडीसीत माझी 22 वर्षं टूलरूममध्ये गेली. नवं पोरगं मशीनवर आलं की आमचे जुने सेटर त्याला पहिल्या आठवड्यात एवढंच सांगायचे, आधी मशीन ऐक. इन्सर्टची धार गेली की लेथचा आवाज किंचित कर्कश होतो, जॉबवर रेघा दिसण्याच्या आधीच. बेअरिंग जायला लागलं की स्पिंडलच्या घरघरीत एक परका सूर मिसळतो. वीस-तीस मशीन एकदम चालू असताना त्यातून आपल्या मशीनचा आवाज निवडून काढणारी माणसं पिंपरीपासून चाकणपर्यंत शेडशेडमध्ये आहेत. ऐंशी-नव्वद वादकांच्या ताफ्यातून एक फ्रेंच हॉर्न वेगळा ऐकणं हे त्याच जातीचं काम आहे. म्हणून निगडीत आमच्या रविवारच्या श्रवणबैठकीला आलेला कुणी संकोचून म्हणतो की आपल्याला हे पाश्चात्त्य संगीत कळायचं नाही, तेव्हा मला ते मनापासून नाकारावंसं वाटतं. तुमचा कान तयार आहे. फक्त काय शोधायचं ते कुणी सांगितलेलं नाही, आणि ते सांगण्यासाठीच ही पानं आहेत.

पहिली ओळख धुनेची. जॉन विल्यम्सनं 1977 ते 2019 या काळात 'स्टार वॉर्स'च्या मुख्य मालिकेतल्या नऊही चित्रपटांना संगीत दिलं, आणि ते सगळं छोट्या छोट्या धुनांवर उभं आहे. एखादी धून माणसाची, एखादी जागेची, एखादी निव्वळ कल्पनेची. या पद्धतीला 'लाइटमोटिफ' म्हणतात आणि तिचा सर्वांत मोठा उस्ताद एकोणिसाव्या शतकातला रिचर्ड वॅग्नर. आपल्याकडे बहुतेक जण अशी धून गाण्याच्या मुखड्यासारखी समजतात, आणि तिथेच वाट चुकते. मुखडा पुन्हा पुन्हा येतो तो आपल्याला स्थिर करायला. ही धून मात्र रागाच्या पकडीसारखी वागते. नि-रे-ग एवढं कानावर पडताच सवाईतला श्रोता यमन ओळखतो, मग गवय्या ती कुठल्याही लयीत, कुठल्याही सप्तकात घेवो. व्हेडरची धून हार्पवर आली तरी आपण ती ओळखतो, याचं कारण तेच. ती पूर्ण वाजायचीही गरज नसते. 1977च्या चित्रपटात व्हेडरचा मुलगा ल्यूक दोन सूर्यांचा अस्त बघत उभा राहतो तेव्हा हॉर्नवर जी संथ धून येते ती 'फोर्स'ची, म्हणजे अवघ्या सृष्टीत भरलेल्या त्या शक्तीची. पुढच्या चार दशकांत तिचे नुसते पहिले तीन-चार स्वर आले तरी सभागृहात माणसं सावरून बसतात.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे आणि इथे आपल्याला खरोखर शिकावं लागतं. आपलं संगीत एका स्वरामागून दुसरा स्वर असं चालतं, खाली तानपुऱ्याचा सा अढळ. वाद्यवृंदात एकाच क्षणी अनेक स्वर एकमेकांवर रचलेले असतात आणि तळाचा आधारही हलतो. व्हेडरचंच उदाहरण घेऊ. त्याचं 'इम्पिरियल मार्च' 1977च्या चित्रपटात नाहीच. ते 1980च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'साठी लिहिलं गेलं. सुरुवातीला सा तीनदा ठोकला जातो, त्याखाली सा, कोमल ग आणि प हे एकत्र. मग धून खाली कोमल धैवतावर उतरते आणि त्याच क्षणी खालची रचना बदलते. कोमल ग जागचा हलत नाही, पण सा घसरून शुद्ध नि होतो आणि प चढून कोमल ध होतो. तानपुऱ्याचाच सा सरकावा तसं वाटतं. पुढच्याच ठोक्याला सगळं परत जागेवर येतं आणि पुन्हा सरकतं. भीती तिथे आहे. धून कुणालाही गुणगुणता येते, पण नुसती गुणगुणली तर ती दरारा बसवत नाही. पेटी जवळ असेल तर हे दोन स्वरपुंज आलटून पालटून दाबून बघा. पानभर वर्णनापेक्षा ते जास्त सांगतील. आमच्या बैठकीत हा प्रयोग केला की दरवेळी कुणीतरी "परत एकदा" म्हणतं.

हे संगीत कुठून आलं? दिग्दर्शक जॉर्ज ल्युकसनं 1977च्या चित्रपटाच्या कच्च्या संकलनावर जुन्या संगीताचे तुकडे लावले होते, त्यात गुस्ताव होल्स्टचं 'द प्लॅनेट्स' होतं. पडद्यावरचं जग अगदी अनोळखी असल्यामुळे कानाला तरी ओळखीचं काही मिळावं, अशी त्याची धारणा होती. विल्यम्सचं नाव त्याला स्टीव्हन स्पीलबर्गनं सुचवलं. मार्च 1977मध्ये इंग्लंडमधल्या डेनमच्या स्टुडिओत लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रानं ध्वनिमुद्रण केलं. मॉरिस मर्फी हा ट्रम्पेटवादक तेव्हा नुकताच त्या वाद्यवृंदात मुख्य वादक म्हणून आला होता, आणि शीर्षकसंगीतातला तो झळझळीत वरचा स्वर त्याचा. सा वरून एकदम प, मग म-ग-रे असा झपाट्यानं उतार आणि लगेच तार सा. लग्नाच्या बँडपथकात ट्रम्पेट वाजवणाऱ्याला विचारा, की वरात तासभर चालल्यावर वरचा सा स्वच्छ लावायला ओठांची काय अवस्था होते. मर्फीचा स्वर ऐकताना ते आठवावं.

होल्स्टपाशी मात्र मला थांबायचं आहे, कारण इथे आपल्या दाराशी येणारी एक वाट आहे. 1914 ते 1916 या काळात 'द प्लॅनेट्स' लिहिणारा हा इंग्रज त्याआधी संस्कृत शिकला होता. त्यानं ऋग्वेदातल्या सूक्तांची स्वतः भाषांतरं करून त्यांवर समूहगीतं रचली आणि महाभारतातल्या सावित्रीवर छोटा ऑपेरा लिहिला. 'प्लॅनेट्स'मधला मंगळ पाच मात्रांच्या ठेक्यावर चालतो. झपताल ज्याच्या बोटांत आहे त्याला तो मोजायला कष्ट पडत नाहीत. 'स्टार वॉर्स'च्या सुरुवातीला साम्राज्याचं प्रचंड यान डोक्यावरून सरकतं, तेव्हाचे घणाघाती स्वर ऐकले की हा मंगळ आठवल्याशिवाय राहत नाही. काही जण याला उचलेगिरी म्हणतात. मला ते पटत नाही. एकाच रागात दुसरा गवय्या नवी बंदिश बांधतो तेव्हा आपण तसं म्हणत नाही.

आणि हा मंगळ गाजवणाऱ्यांत एक मुंबईकर आहे. झुबिन मेहता 1936 साली मुंबईत जन्मले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचे वडील मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. अठराव्या वर्षी झुबिन व्हिएन्नाला शिकायला गेले आणि 1962 ते 1978 लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक होते. त्याच वाद्यवृंदाबरोबर त्यांनी 1971मध्ये 'द प्लॅनेट्स' मुद्रित केलं, आणि आजही ते मुद्रण आदरानं ऐकलं जातं. 'स्टार वॉर्स' झळकून सहा महिने होतात न होतात तोच, नोव्हेंबर 1977मध्ये, त्यांनी हॉलिवुड बोलच्या खुल्या रंगमंचावर हे संगीत वाजवलं, आणि पाठोपाठ त्याची तबकडीही काढली. चित्रपटाचं संगीत म्हणजे दुय्यम माल, असं मानणारे लोक तेव्हा मैफलींच्या जगात पुष्कळ होते. ज्या हातांनी मालर आणि ब्रुकनर वाजवले त्याच हातांनी मेहतांनी ही पानं उघडली. मला हा या क्षेत्राच्या इतिहासातला मोठा प्रसंग वाटतो. म्हणून पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्याचं आहे.

संस्कृतची वाट 1999मध्ये पुन्हा एकदा येते. 'द फँटम मेनेस'मधल्या 'ड्युएल ऑफ द फेट्स'चं समूहगान संस्कृत शब्दांचं आहे; एका जुन्या वेल्श कवितेचा अंश विल्यम्सनं संस्कृतात करून घेतला आणि मग अक्षरं नादाच्या सोयीनं मांडली. मराठी श्रोता पहिल्यांदा अर्थ पकडायला धावतो आणि हिरमुसतो. धावू नका. चिंचवडला मोरया गोसावींच्या गावात गणपतीत शंभर गळ्यांतून मंत्रपुष्पांजली उठते, तेव्हा तरी प्रत्येक शब्द किती जणांना उलगडतो? अंगावर काटा मात्र सगळ्यांच्या येतो. इथेही समूहाचा आवाज हे एक वाद्य आहे असं धरून ऐका.

'स्टार ट्रेक'ला या पुस्तकात दोनच पानं मिळाली आहेत, त्याबद्दल त्याच्या चाहत्यांची माफी मागतो. जेरी गोल्डस्मिथनं 1979 साली त्याच्या पहिल्या चित्रपटासाठी लिहिलेली शीर्षकधून पुढे 1987च्या दूरचित्रवाणी मालिकेची झाली. तिच्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं आणि ते कुणीतरी लिहावं.

आता ऐकायचं कसं? कंपनीच्या बसमध्ये ऐका. निगडीहून मोशीमार्गे चाकणला जाताना तळेगाव चौकात गाडी अडकते तेवढ्या वेळात एक अख्खा तुकडा दोनदा ऐकून होतो. पहिल्यांदा फक्त धून, दुसऱ्यांदा फक्त तळ, म्हणजे चेलो, डबल बास आणि ट्यूबा. इयरफोनमध्ये हा तळ दबतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी तोच तुकडा घरी मोठ्या स्पीकरवर लावा. आणि जमेल तेव्हा एकदा चिंचवडहून सिंहगड एक्सप्रेस धरून मुंबईला जा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये 2006 साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. कार्यक्रम 'स्टार वॉर्स'चाच हवा असं काही नाही. बेथोव्हन असो की ड्वोर्झाक, चार हॉर्न एकदम उभे राहतात तेव्हा खुर्चीच्या लाकडातून ते अंगात येतात.

सुरुवात कुठून करायची हे नवे लोक नेहमी विचारतात. माझं उत्तर शीर्षकसंगीत हे नाही. 'द फँटम मेनेस'मधली 'अनाकिन्स थीम' लावा. नऊ वर्षांच्या एका निरागस मुलाची धून आहे, कोवळी, थोडी अस्थिर; पुढे हाच मुलगा व्हेडर होणार आहे. शेवटच्या काही ओळींकडे कान ठेवा. वाद्यं मंद होत जातात, धून मिटायला येते, आणि त्या मिटण्यात कोमल धैवताकडे झुकणारी एक ओळखीची चाल क्षणभर येऊन जाते. पहिल्या वेळी सापडली नाही तर परत लावा.