नऊवारी, बूट आणि फिलाडेल्फियाची थंडी

१/ परदेशात मोकळ्या हवेत फिरायला निघताना अंगावर काय असावे, हा प्रश्न आज प्रवासाच्या बॅगेपुरता उरला आहे. सुमारे १४० वर्षांपूर्वी कल्याणच्या एका अठरा वर्षांच्या मुलीसमोर तो आला, तेव्हा मात्र तिचा धर्म, तिची अब्रू, भरसभेत दिलेला शब्द आणि तिची प्रकृती हे सारेच पणाला लागले होते. ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. हा धागा त्यांच्या पदवीविषयी नाही, त्यांच्या पोशाखाविषयी आहे.

२/ १८५३ साली मुंबईहून निघालेली आगगाडी प्रथम ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोहोचली. आजच्या टेंभी नाक्यावरून कल्याण गाठणे ही किरकोळ बाब वाटते. पण त्या काळच्या कल्याणात मुलींनी उंबरठा ओलांडून शिकायला जाणे हाच मोठा प्रवास होता. १८६५ साली जन्मलेल्या यमुनेचे बालपण याच गावात गेले. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती आनंदी झाली.

३/ गोपाळरावांना बायकोने शिकावे, बाहेर पडावे, चारचौघांत वावरावे असे वाटे. मुंबईत आनंदीबाई हातात पुस्तके आणि पायांत बूट-मोजे घालून शाळेत जात. लोक खिडक्यांतून डोकावत, गाड्या थांबवून पाहत, हसत, आणि बूट घालून शाळेत निघालेली ही बाई म्हणजे कलियुगाचीच खूण, असे मोठ्याने बोलत. हा अनुभव त्यांनी पुढे स्वतःच जाहीर सभेत सांगितला.

४/ गोपाळरावांची बदली पुढे बंगालमधील श्रीरामपूरला झाली (नगर जिल्ह्यातील नव्हे, हुगळीकाठचे). तिथे नदीकाठी फेरफटका मारणे हाही एक छळच होता. बघे बाबूलोक वाटेत उभे राहून तुमची जात कोणती, गाव कोणते, चाललात कुठे, अशा प्रश्नांचा भडिमार करीत. चालण्याचा साधा व्यायाम म्हणजे परीक्षा, आणि परीक्षक रस्त्यावरचा कोणीही!

५/ २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी इंग्रजीत व्याख्यान दिले. अमेरिकेत जाऊन वैद्यक का शिकायचे, हे त्यांनी मुद्देसूद सांगितले. जातिबहिष्काराच्या भीतीवरही त्या बोलल्या. आपण हिंदू म्हणूनच जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. रीतिरिवाज, अन्न, पोशाख यांत बदल करणार नाही, असे त्यांनी जाहीर केले.

६/ या शब्दाचे वजन नीट समजून घ्यायला हवे. एकोणिसाव्या शतकात पोशाख हीच ओळख होती. कपडे बदलले की धर्मही बदलला, असा तर्क लोक लगेच करीत. मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने समुद्र ओलांडणाऱ्या ब्राह्मण स्त्रीवर तर तो संशय आधीपासूनच होता. त्यामुळे अंगावरचे लुगडे हे तिच्यासाठी वस्त्र होते, तसेच परतीचे तिकीटही होते.

७/ ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. गोपाळराव सोबत नव्हते. ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्यावर श्रीमती कार्पेंटर यांनी त्यांना न्यू जर्सीतील रोझेल गावी आपल्या घरी नेले. उन्हाळ्याचे दिवस होते आणि लुगड्याची अडचण अजून जाणवत नव्हती.

८/ नऊवारी हे मुळात चालण्याचे, कामाचे वस्त्र आहे. कासोटा घातला की दोन्ही पाय मोकळे राहतात. शेत, विहीर, घाट, जाते यांपैकी कुठेही ते आड येत नाही. कोकणच्या दमट हवेत पोटऱ्या उघड्या राहणे ही तर सोयच. पण कल्याणची सोय ती फिलाडेल्फियाची गैरसोय. तिथे जानेवारीत पारा शून्य अंशाच्या आसपास असतो. उघड्या पोटऱ्या आणि उघडी कंबर घेऊन बर्फाळ रस्त्यावर निघणे हा थेट प्रकृतीशी खेळ होता.

९/ १८८३ च्या शरद ऋतूत त्यांचे शिक्षण पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात सुरू झाले. राहत्या खोलीतली शेगडी धुराने खोली भरून टाकी. म्हणजे आत धूर आणि बाहेर गारठा. शाकाहार सांभाळताना जेवणाचीही आबाळ होई. प्रकृती तर मायदेशातूनच नाजूक होती.

१०/ मग पाश्चात्त्य पोशाख का घातला नाही? दिलेला शब्द हे एक कारण. पण तो पोशाख तरी कुठे सोयीचा होता? कमरेला आवळणारे कॉर्सेट आणि जमिनीवर लोळणारे जड घागरे यांनी अमेरिकन स्त्रियांनाही नीट चालता येत नसे, श्वास घेता येत नसे. १८५१ च्या सुमारास अमेलिया ब्लूमर यांनी आखूड घागऱ्याखाली सैल विजार घालण्याचा पुरस्कार केला. वर्तमानपत्रांनी आणि रस्त्यावरच्या टवाळांनी त्या पोशाखाची इतकी थट्टा केली की काही वर्षांतच पुरस्कर्त्या स्त्रियांनीही तो सोडला. मुंबईत बूट हास्यास्पद, अमेरिकेत विजार हास्यास्पद. हसणाऱ्यांची जात एकच.

११/ आनंदीबाईंनी काढलेली वाट शांत आणि व्यवहारी होती. त्यांनी साडी सोडली नाही, साडी नेसण्याची पद्धत बदलली. कासोट्याऐवजी गुजराती धर्तीची गोल साडी त्या नेसू लागल्या. ती घोट्यापर्यंत अंग झाकी आणि आतून उबेचे कपडे घालायलाही वाव देई. चालण्याची मोकळीक थोडी गेली, पण ऊब मिळाली. वस्त्र हिंदुस्थानीच राहिले आणि शब्द मोडला असे कोणाला म्हणता येणार नव्हते.

१२/ आज हा बदल क्षुल्लक वाटेल. पण नऊवारी ही त्या काळी ब्राह्मण सुवासिनीची खूण होती. ती बाजूला ठेवण्याचा निर्णय एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला, हजारो मैल दूर, एकटीने घ्यायचा होता. पतीची पत्रे प्रोत्साहन देत, तशीच कधी बोचरीही असत. बूट घालायला लावणाऱ्या गोपाळरावांचा सुधारकपणाही सरळ रेषेत चालणारा नव्हता.

१३/ ऑक्टोबर १८८५ मधील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात एकाच महाविद्यालयाच्या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात दिसतात: हिंदुस्थानच्या आनंदीबाई, जपानच्या के ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. यजमानांच्या दृष्टीने ती पौर्वात्य नवलाई असेल. आनंदीबाईंच्या अंगावरच्या साडीमागे मात्र दोन हिवाळ्यांचा हिशेब होता.

१४/ ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. तोवर क्षयाने शरीर पोखरले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती, पण ती स्वीकारण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय होते अवघे २१.

१५/ नऊवारीने त्यांचा बळी घेतला, असे सोपे विधान करण्याचा मोह टाळायला हवा. क्षय जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच जाहीर केले होते. लुगडे अंगावर असल्याने तो होत नाही आणि कोट घातल्याने टळत नाही. पण थंडी, धूर, अपुरे अन्न आणि अभ्यासाचे ओझे यांच्याशी झुंजणाऱ्या शरीराला पोशाखाचीही चिंता वाहावी लागली, हे खरे. ती चिंता हवामानाने लादलेली होती त्याहून अधिक माणसांनी लादलेली होती.

१६/ योग्य पोशाख कोणता, हे मुंबईत खिडकीतल्या लोकांनी ठरवायचे, श्रीरामपुरात बाबूंनी, घरी पतीने. थंडी मात्र सोसायची तिने. गोल साडी नेसण्याचा निर्णय म्हणूनच लक्षात ठेवण्याजोगा आहे. या साऱ्या परीक्षकांच्या गर्दीत तिने एकदा आपल्या शरीराचेही मत विचारात घेतले.

१७/ ज्या न्यू जर्सीत आनंदीबाईंनी पहिला अमेरिकन उन्हाळा काढला, तिथे आज मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मुलांकडे राहायला गेलेल्या ठाण्या-डोंबिवलीच्या आया साडीवर किंवा पंजाबी ड्रेसवर जाड जॅकेट चढवून, पायांत स्पोर्ट्स शूज घालून सकाळी फिरायला निघतात. वाटेत कोणी त्यांची जात विचारत नाही आणि घरी कोणी शब्द मोडल्याचा हिशेब मागत नाही. फिरून आल्या की त्या चहा टाकतात, आणि थंडीबद्दल तेवढी तक्रार करतात.