ईदीचा कागद

ईदी म्हटली की आज कोरी नोटच आठवते. पण प्लॅट्ससाहेबाच्या १८८४ च्या उर्दू कोशात या शब्दाचा आणखी एक अर्थ सापडतो. मकतबातले मौलवीसाहेब ईदवर चार ओळी लिहून शागिर्दांना देत. त्या ओळींनाही ईदीच म्हणत. त्याबदली मुलाच्या घरून उस्तादांना नजराणा येई. म्हणजे भेट कागदाची, तरी फुकटची नव्हे! ठरलेला पगार नसलेल्या मौलवींची ती ईदच होती, हे मी शिक्षक म्हणून समजू शकतो. पण नजराणा न जमणाऱ्या घरातल्या पोराला तो कागद जडच वाटत असणार.

गेल्या ईदला मीही वर्गात तसे कागद लिहून वाटले. एका मुलीने घडी घालता घालता हळूच विचारले, "सर, अब्बांना किती द्यायला सांगू?"